दुष्काळानंतरचा संसार

दुष्काळ कधी संपला हे सरकारी दप्तरात चटकन सापडते. पाऊस झाला, खडी फोडण्याची कामे बंद झाली, मजुरांना गावी धाडले, कमिशन नेमले, अहवाल छापला. १८९९-१९०० चा दुष्काळ असाच अँटनी मॅक्डोनेल यांच्या कमिशनच्या १९०१ मधील अहवालाबरोबर कागदावर मिटला. गावात तो मिटायला पुढे बरीच वर्षे लागली. बैल मेलेले, बियाणे खाऊन संपलेले, घरातले कर्ते माणूस पटकीने गेलेले आणि पोरे कोणाच्या तरी ओसरीवर टाकलेली असताना नुसत्या पावसाने भागत नाही. या उरलेल्या वर्षांचा इतिहास आपल्याकडे फार थोडा लिहिला गेला, कारण तो कचेऱ्यांत न घडता घरांत घडला. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, त्याचा एक मोठा भाग अमेरिकन मराठी मिशनच्या बंगल्यांत आणि त्यांच्या आवारातल्या बोर्डिंगांत घडला. माझे म्हणणे असे की या पुनर्बांधणीची खरी सूत्रे बोस्टनच्या मंडळाकडे नव्हती, एकट्या पाद्र्याकडेही नव्हती; ती पाद्री आणि त्याची बायको यांच्या घराकडे होती. काम संसारासारखे चालवले गेले म्हणून ते मदतीचा पैसा आटल्यावरही टिकले. आणि संसारासारखे चालवले गेले म्हणूनच, त्या घराच्या आधाराने वाढलेल्या माणसांना कर्ती माणसे मानणे त्या घराला जड गेले. मिशनऱ्यांची स्तुती करणारे आणि त्यांना दोष देणारे असे दोन्ही पक्ष ज्या गोष्टींकडे बोट दाखवतात, त्यांचे मूळ एकच आहे.

पाद्री जोडप्याने यावे हा योगायोग नव्हता. हे मिशन चालवणारे बोस्टनचे मंडळ म्हणजे अमेरिकन बोर्ड. ही संस्था १८१० मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणे पडले. दूरदेशी जाणारा पुरुष शक्यतो विवाहित असावा असे बोर्डाचे धोरण होते. बायको बरोबर असली की घर उभे राहते, आजारपणात माणूस जवळ असते आणि जिथे परक्या पुरुषाला दारातून आत जाता येत नाही तिथे बाई जाऊ शकते, असा तो हिशेब होता. मात्र बोर्डाच्या सुरुवातीच्या याद्यांत या बायकांचा हुद्दा ‘सहायक मिशनरी’ एवढाच होता. १८२७ मध्ये सिंथिया फरार मुंबईत आल्या, त्या बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित बायकांपैकी एक. नगरची त्यांची मुलींची शाळा फुले दांपत्याच्या चरित्रामुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. विवाहित बायकांचे काम तितके ठाऊक नाही, कारण ते नवऱ्याच्या नावाखाली जमा होत राहिले.

शतकाच्या अखेरीस नगरची मिशनरी घराणी तशी परकी राहिली नव्हती. बॅलंटाइन, फेअरबँक, बिसेल, ह्यूम या कुटुंबांच्या दुसऱ्या पिढीतले कितीतरी जण इथेच जन्मले होते. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतला. वडील लवकर वारले, आईने मुलांना घेऊन अमेरिका गाठली, आणि येल विद्यापीठात शिकून हा मुलगा १८७४ मध्ये नगरला परतला. पहिली पत्नी अ‍ॅबी यांच्या निधनानंतर त्यांनी १८८७ मध्ये केटी फेअरबँक यांच्याशी लग्न केले. केटी या नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या सॅम्युअल फेअरबँक यांच्या कन्या. सॅम्युअल १८४६ पासून या मुलखात होते. धर्मोपदेशाबरोबर इथल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे आणि शेतीच्या अवजारांत सुधारणा करून पाहणे हे त्यांचे उद्योग. अशा घरातल्या मुलीला नगरची बोली, बाजारभाव आणि पावसाचे वेळापत्रक शिकवावे लागत नव्हते. परदेशातून धावून आलेला मदतनीस दुष्काळ ओसरला की परत जातो; ज्याचे सासर-माहेर दोन्ही याच जिल्ह्यात, त्याला तशी सोय नसते.

त्यात दुष्काळ एकटा आला नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. मजुरांनी काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यावर अर्जांमागून अर्ज केले. पुढे १८८० च्या कमिशनमधून दुष्काळसंहिता निघाली. मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्याला जोडून १८९६-९७ चा दुष्काळ, आणि सावरायला दोन वर्षे मिळतात न मिळतात तोच १८९९ चा पाऊस गेला. संहितेत धडधाकट माणसासाठी काम होते आणि अपंगासाठी खैरात होती. पण दोन्ही दुष्काळ जाहीर असेपर्यंतच. निराधार मूल, विधवा, भांडवल मोडून खाल्लेला विणकर यांची गरज मात्र काम बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत होती. सरकारची जबाबदारी जिथे थांबली तिथे मिशनचे घर सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

त्या घराचा दिवस कसा जात असेल हे समजायला कामाची वाटणी पाहावी. साहेबाकडे बाहेरचा कारभार होता: कलेक्टरशी पत्रव्यवहार, गावोगाव फेरी, विहिरी-रस्त्यांच्या कामावरची हजेरी, वर्गणीचा हिशेब. १९०० मध्ये न्यू यॉर्कहून ‘किटो’ हे जहाज मका भरून मुंबईला आले. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपासाठी जी समिती झाली तिच्या कारभारात ह्यूम होते, आणि त्या कामाबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. पण बंदरात उतरलेला मका म्हणजे अजून अन्न नव्हे. ज्वारी-बाजरीच्या मुलखात तो दळायचा कसा, शिजवायचा कसा, आणि महिनोनमहिने उपाशी असलेल्या पोटात किती घालायचा, हे प्रश्न कोठीच्या किल्ल्या जिच्याकडे असतात तिचे. उपासमारीने खंगलेल्या मुलाला पोटभर जेवू घातले तर ते दगावू शकते. पातळ पेज, थोडी थोडी, दिवसातून अनेकदा, आणि रात्रीही कोणीतरी जागे, असा तो क्रम. त्यात खरूज, आलेले डोळे, हगवण, उवा. मुले सावरू लागली की कपडे, अंथरूण, आंघोळीचे पाणी, मग पाटी. भरलेल्या आवारात एखाद्या मुलाला गोवर निघाला किंवा प्लेगचा संशय आला तर त्याला वेगळे काढायचे, बाकीच्यांना झोपड्यांत हलवायचे. यातली एकही गोष्ट पराक्रमाची नाही. पण यातली एक चुकली की मूल मरते, आणि वर्षभर चुकू न देणे हीच ती पुनर्बांधणी.

संध्याकाळचे काम पत्रांचे होते, आणि अर्थव्यवहाराच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे होते. न्यू यॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने हिंदुस्थानातल्या दुष्काळासाठी मोठी वर्गणी उभारली, आणि एकेका अनाथ मुलाचा वर्षाचा खर्च एकेका दात्याने किंवा एखाद्या रविवारच्या शाळेने उचलावा अशी पद्धत रूढ झाली. दात्याला मुलाची हकीकत हवी असे: नाव काय, वाचायला शिकले का, तब्येत कशी. हकीकत थांबली की पैसे थांबत. म्हणून शेकडो मुलांच्या खुशालीची पत्रे अमेरिकेतल्या अनोळखी घरांना लिहिणे हे बोर्डिंग चालवण्याइतकेच जरुरीचे होते. याच कारणाने ही पत्रे पुरावा म्हणून जपून वापरावी लागतात. पैसे मागणारे पत्र दुःख ठळक करते आणि यशही ठळक करते. मधले कंटाळवाणे महिने त्यात येत नाहीत. शिवाय लिहिणारीची फुरसत कोणाच्या श्रमातून आली हेही ते सांगत नाही. बंगल्यात स्वयंपाकी होता, आया होती, पाणक्या आणि मेहतर होता; बोर्डिंगात मराठी मेट्रन होत्या, गावात बायबल वाचून दाखवत हिंडणाऱ्या बायका होत्या. पाद्र्याच्या नावामागे त्याची बायको लपली, आणि तिच्या नावामागे या बायका. हे उलगडायला हवे. पण त्याने मूळ मुद्दा ढळत नाही. घर म्हणजे दोनच माणसे नव्हेत, हे कोणत्याही मराठी कुटुंबाला वेगळे सांगायला नको.

हे घर भिक्षागृह होऊन का राहिले नाही, याचे उत्तर त्याच्या व्यवहारी नजरेत आहे. वाचलेली बरीच मुले महार-मांग वस्त्यांतली होती. त्यांना जमीन नव्हती. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा गावी परतला तर त्याच्या वाट्याला पुन्हा वेठ आणि शिळे तुकडे येणार, आणि पुढच्या अवर्षणात तो पुन्हा दारात उभा राहणार. म्हणून नुसते अक्षर पुरेसे नव्हते, हाताला कसब हवे होते. जेम्स स्मिथ यांनी उभारलेल्या नगरच्या औद्योगिक शाळेला सर दिनशा पेटिट यांचे नाव मिळाले. तिथे सुतारकाम, धातुकाम आणि गालिचे विणणे शिकवले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल हे अभियंता मिशनतर्फे आले आणि नगरच्या विणकरांसाठी त्यांनी सुधारित हातमाग तयार केला. आणि १९०४ मध्ये डॉ. ज्युलिया बिसेल यांनी नगरात रुग्णालय सुरू केले. १९३९ मध्ये ते साल्व्हेशन आर्मीकडे गेले आणि आज त्याला सारे नगर बूथ हॉस्पिटल म्हणून ओळखते. ज्युलिया बिसेल या मिशनरी घरातल्या लेक. त्यांच्या सहकारी डॉ. रूथ ह्यूम याही तशाच, रॉबर्ट ह्यूम यांच्या कन्या. आयांनी जी शुश्रूषा ‘सहायक’ म्हणून केली ती लेकींनी पदवी घेऊन, स्वतःच्या नावाने केली. संसारातून संस्था निघते ती अशी, आणि तिला एका पिढीचा वेळ लागतो.

यावर पहिला आक्षेप जुना आणि रास्त आहे: हे सारे धर्मांतरासाठी होते. उपाशी माणसापुढे एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात बायबल धरणे हा सौदाच नव्हे काय? नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या दुष्काळांनंतर वाढल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. लाला लजपतराय यांनी हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली आणि १९०१ च्या कमिशनपुढे साक्ष दिली, ती याच काळजीने. मुलांच्या बाबतीत तर आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. आठ वर्षांच्या पोरक्या मुलाला धर्म निवडायला सांगणे हे निवडायला सांगणे नव्हेच. ज्या घरात ते वाढले त्या घराचा धर्म त्याने घेतला. मोठ्या माणसांचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. आंध्रातल्या ओंगोलचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथले बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाऊ आणि त्यांची पत्नी हॅरिएट यांच्यापुढे १८७६-७८ मध्ये हाच पेच होता. क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याचा साडेतीन मैलांचा तुकडा खोदण्याचा मक्ता घेतला, चांभारकाम करणाऱ्या मादिग समाजाला मजुरी मिळवून दिली, आणि मदत चालू होती तोवर पंधरा महिने एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. मदत थांबल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. भाकरी बंद झाल्यावर आलेल्या या माणसांना भाकरीचे ख्रिस्ती म्हणता येत नाही. मग ते का आले? दुष्काळात कोणी आपल्याला माणूस म्हणून मोजले, हजेरीवर नाव घातले, पूर्ण मजुरी दिली, हे त्यांनी पाहिले होते. गावगाड्याने ते कधी केले नव्हते. सौदा झालाच असेल तर तो धान्याचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता. आणि तो होण्याइतकी प्रतिष्ठेची टंचाई कोणी निर्माण केली होती, हा प्रश्न मिशनऱ्यांपेक्षा आपल्याला अधिक अडचणीचा आहे.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. १९०० मध्ये देशभर सरकारी दुष्काळी मदतीवर एका वेळी साठ लाखांच्या घरात माणसे होती. त्यापुढे मिशनची आवारे ती केवढी? शिवाय एतद्देशीयांनी काहीच केले नाही असेही नाही. प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये पंढरपूरला बालकाश्रम काढला होता. सार्वजनिक सभेने आणि ‘केसरी’ने रयतेला दुष्काळसंहितेतले हक्क समजावून दिले. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून मुली आणून केडगावला जे उभारले, ते नगरच्या कुठल्याही बोर्डिंगापेक्षा मोठे होते, आणि रमाबाई विधवा होत्या. मग जोडप्याचे एवढे कौतुक कशाला? हा आक्षेप आकाराबाबत खरा आहे, पण त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. सरकारची मदत प्रचंड होती आणि हंगामी होती. सभेचे काम हक्कांचे होते, संगोपनाचे नव्हते. जिथे जिथे संगोपन टिकले, तिथे कारभार घरासारखा होता. पंढरपूरला आश्रम होता, केडगावला रमाबाई आणि मनोरमा या मायलेकींभोवतीचे मोठे कुटुंब होते. दुष्काळातल्या मुलग्यांची सोय करायची वेळ आली तेव्हा तीही रमाबाईंच्या प्रेरणेने दौंडला आल्बर्ट नॉर्टन आणि त्यांच्या पत्नीने घर थाटून केली. दुष्काळी काम शेकडो मजुरांच्या टोळीवर चालते. मूल वाढवणे तसे चालत नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. घर चालवणारा मायबाप होतो, आणि मायबापाला पोरे मोठी झालेली लवकर दिसत नाहीत. मिशनमध्ये पगार बोस्टनच्या पैशातून, बदल्या मिशनरींच्या बैठकीतून आणि निर्णय बंगल्यातून होत. शिकून पाद्री किंवा मास्तर झालेला मराठी माणूसही त्या बंगल्याच्या पायरीवरच राहिला. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई १९०० मध्ये. नगर-राहुरीतला त्यांचा संसार हा मिशनरी जोडप्याच्या संसाराचा देशी पाठभेद होता. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते घर आठवेल: टिळक कोणालाही घेऊन येत, पोरके मूल असो की बालकवी ठोंबरे असोत, आणि डब्यात पीठ आहे की नाही हे लक्ष्मीबाईंनी पाहायचे. बंगला नाही, देणगीदार नाही, पगार बेताचा; तरीही आल्यागेल्याला सांभाळण्याची रीत तीच. पण टिळकांना त्या रीतीतले मालकपण सोसेना. ख्रिस्त हवा, पण त्याच्याकडे जायचा रस्ता मिशनच्या कचेरीतून नको, या निष्कर्षावर ते आले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनरींनी वाईट वागवले म्हणून हे घडले असे मानण्याची गरज नाही. चांगले घरही प्रौढ मुलाला अपुरे पडते. ह्यूम हे तर हिंदू विचाराकडे आदराने पाहणाऱ्यांपैकी होते. दोष माणसांपेक्षा रचनेत होता.

त्या रचनेने खुद्द जोडप्यांनाही सोडले नाही. दुसऱ्यांच्या शेकडो मुलांना कुशीत घेणाऱ्या या घरांनी स्वतःची मुले शिक्षणासाठी दूर धाडली. आधी अमेरिकेला, आणि १९०१ मध्ये कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांची शाळा निघाल्यावर तिकडे. त्याला त्याग म्हणण्याची रूढी आहे. पण बोर्डिंगातल्या मुलासाठी जी शाळा पुरेशी वाटत होती ती स्वतःच्या मुलासाठी पुरेशी वाटली नाही, हेही त्यात आहे. एकाच आवारात दोन भविष्ये वाढत होती, आणि ते सर्वांना दिसत होते.

मग या जोडप्यांविषयी निवाडा काय द्यावा? दुष्काळाने मेलेल्या मुलखात त्यांनी हजारो माणसांना वाचवले असे ठोकून देणे सोपे आहे, आणि त्यांनी साम्राज्याच्या सावलीत धर्म वाढवला असे म्हणून मोकळे होणेही सोपे आहे. पुरावा यापेक्षा नेमके काही सांगतो. आपत्तीनंतरची उभारणी हे वर्षानुवर्षांचे, कंटाळवाणे, बहुतांशी बायकांनी केलेले घरकाम असते, आणि ते करायला जिल्ह्यात मुक्कामाला राहणारी माणसे लागतात. ती नगरला होती, म्हणून मका शिजला, पोरे जगली, शाळा-रुग्णालय उभे राहिले. पण वाचलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या देणे हे वाचवण्याहून वेगळे काम आहे. ते जोडप्यांनी पुरेसे केले नाही. ते टिळकांसारख्यांना भांडून आणि पुढच्या मराठी ख्रिस्ती पिढीला स्वतः करून दाखवावे लागले. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हा त्या घराच्या किल्ल्या खऱ्या अर्थाने हस्तांतरित झाल्या, असे मी मानतो. दुष्काळ कागदावर मिटल्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी.